टेकडीच्या मागचं पाणी

धाराशिवात मी जेमतेम दोन वर्षं काढली. त्यातल्या पहिल्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी मी एक टेकडी चढायचो. टेकडी गावातच होती. गाव वाढत वाढत तिच्या पायथ्याला टेकलं होतं आणि मग तिला वळसा घालून पुढं गेलं होतं. पुढच्या अंगाला नोकरदारांची नवी वसाहत, डाव्या अंगाला देवळाकडं जाणारी पायवाट. मागच्या अंगाला काय आहे ते मला पहिले काही दिवस ठाऊकच नव्हतं. चढण वीस मिनिटांची. मला पंधरा लागायची, कारण मी घाबरून चालायचो. उशीर होईल, उजेड जाईल, खालून मी दिसणार नाही आणि मग कुणीतरी म्हणेल, सातवीतनं शाळा सोडलेलं पोरगं, त्याच्याकडनं दुसरं काय होणार.

कामच उजेडाचं होतं. ती वसाहत सहकारी सोसायटीची. शाळामास्तर, कोर्टातले कारकून, तलाठी अशा लोकांनी मिळून जागा घेतली होती, एकसारखी बैठी घरं बांधली होती, ओढ्याकाठी स्वतःची विहीर पाडली होती आणि टेकडीच्या माथ्यावर सिमेंटची टाकी. दुपारी तीनला वीज आली की विहिरीवरची मोटार सुरू व्हायची, पाणी पाइपातनं वर चढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉक उघडला की घराघरात नळाला यायचं. आता विहीर खाली, टाकी वर, मध्ये फोन नाही की घंटा नाही. टाकी भरली हे मोटारीजवळच्या माणसाला कळायचं कसं? तर दिवस मावळायच्या आधी एकानं वर जायचं, टाकीबाहेरची पट्टी बघायची, आणि टाकी भरली असली की धोतराचं पांढरं फडकं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवायचं. ते बघून खालचा माणूस मोटार बंद करी. अंधारात फडकं दिसत नाही, म्हणून दिवेलागण झाली की तो कशाचीच वाट न बघता बटण दाबून मोकळा व्हायचा.

खालचा माणूस म्हणजे चाचा. वरचा मी.

चाचा साठीच्या पुढचे. उजवा गुडघा गेलेला, म्हणून तर चढायला माणूस पाहिजे होता. लोहाऱ्याच्या पुढं सात मैलांवर आमचं गाव. तिथल्या विहिरीवर त्यांनी कधीकाळी इंजिन बसवलं होतं, एवढीच ओळख. त्या ओळखीवर माझ्या मामानं मला त्यांच्यापुढं नेऊन उभं केलं. बहात्तरच्या दुष्काळात घरातले सगळे खडीवर गेले तेव्हा माझी सातवी अर्ध्यात राहिली ती राहिलीच. पुढची सात वर्षं मी कुणाच्या शेतात, कुणाच्या गुऱ्हाळावर, कुणाच्या हाताखाली अशी काढली. चाचांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "भितोस का उंचीला?"

"न्हाई."

"मग कशाला भितोस?"

मी मामाकडं बघितलं. मामा हसला. चाचांनी त्याच दिवशी मला सोसायटीच्या सेक्रेटरीपुढं नेलं आणि म्हणाले, "पोरगा माझ्या जबाबदारीवर." माझ्याबद्दल असं वाक्य त्याआधी कुणी बोललं नव्हतं. आजही कुणी मला कामाला माणूस विचारतं तेव्हा ते वाक्य मी जरा जपूनच काढतो.

मोटारखोलीत पथारी टाकायची, स्टोव्हवर काहीतरी शिजवायचं, सकाळी कॉक उघडायचा, संध्याकाळी टेकडी. चाचा रात्री जुन्या गावात आपल्या घरी जायचे. शुक्रवारी डब्यात दालचा आणायचे. बाकी दिवस माझ्याशी बोलायला मोटार होती. वसाहतीतले लोक वाईट नव्हते, पण एकदा बोलता बोलता मी आईला 'अव्वा' म्हणालो आणि नळाशी उभ्या दोघीतिघी हसल्या. "कानडी हाय व्हय रे तू?" आमच्याकडं हद्दीला लागून सगळीच अशी मिसळ. त्यात हसण्यासारखं काय, हे मला कळलं नाही, पण तेव्हापासून मी लागेल तेवढंच बोलायला लागलो.

माथ्यावर त्या वेळी चारदोन माणसं असायची. पेन्शनर जोडीनं हवा खायला यायचे. कॉलेजची पोरं शेंगा सोलत बसायची. खाली सगळं गाव दिसायचं, एसटी स्टँडवरनं निघणाऱ्या गाड्या, कोर्टाची कौलं, मशिदीचा मिनार, थेटरावरचं मोठं पोस्टर. सूर्य बालाघाटाच्या डोंगराआड टेकायला लागला की सगळे तिकडं तोंड करून बसायचे. मी टाकीच्या दुसऱ्या बाजूला, उलट्या दिशेला. लोहारा तिकडं. दिसायचं काही नाही, नुसती करडी जमीन आणि वर धुळीचा पट्टा. पण अव्वा आता चूल पेटवत असेल, हे तिकडं तोंड केल्याशिवाय मला नीट डोळ्यापुढं यायचं नाही.

आता पट्टीचं सांगतो. टाकीच्या आत पाण्यावर एक पत्र्याचा डबा तरंगायचा. त्याला तार. ती तार वर चाकावरनं बाहेर आलेली आणि बाहेर तिच्या टोकाला लोखंडाचा गोळा लोंबकळत असायचा. गोळ्याच्या मागं भिंतीवर लाल-पांढऱ्या रेघा ओढलेली उभी पट्टी. कधीकाळी रेघांशेजारी आकडे असतील. उन्हानं आणि पावसानं ते गेले होते, नुसत्या रेघा राहिल्या होत्या. पाणी वाढलं की आतला डबा वर जातो, म्हणजे बाहेरचा गोळा खाली येतो. गोळा पार खाली आला की टाकी भरली. गोळा वर असला की टाकी रिकामी.

हे आता मी सहज सांगतो. चाचांनी पहिल्या दिवशी हे मला मोटार चालू असताना, तिच्या आवाजावर ओरडून सांगितलं होतं. वर, खाली, आत, बाहेर, असे हात केले आणि शेवटी विचारलं, "समजलं?"

"समजलं चाचा."

शाळेतली सवय. समजलं नाही म्हणणारा पोरगा उभा राहायचा. समजलं म्हणणारा बसून राहायचा. मी वर गेलो, गोळा बघितला. तो तळाशी होता. मी मनाशी म्हणालो, टाकी रिकामी दिसतेय, आत्ताच पाणी चढायला लागलं असेल. फडकं मांडीवर घेऊन बसलो. गोळा वर सरकेल तशी टाकी भरेल, या आशेनं. आत कुठंतरी पाण्याची धार ऐकू येत होती. सूर्य गेला, पेन्शनर उतरले, पोरं उतरली, गोळा काही हलला नाही. खाली मोटारीचा आवाज थांबला. मी अंधारात दगड चाचपत खाली आलो.

"भरली नाही?" चाचांनी विचारलं.

"न्हाई."

"होईल. पहिला दिवस हाय."

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या, चौथ्या दिवशी तसंच. सकाळी मात्र सगळ्या नळांना चांगलं पाणी यायचं. मला ते चमत्कारिक वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण मी दिवसभर दुसऱ्याच काळज्या करत असायचो. खोलीचं कुलूप नीट लागलं का ते तीनतीनदा जाऊन बघायचो.

पाचव्या संध्याकाळी पुढच्या वाटेवर शेंगावाली पोरं वाट अडवून बसली होती आणि त्यांना उठा म्हणायचा मला संकोच वाटला. म्हणून मी मागच्या अंगानं उतरायला लागलो. पन्नासेक पावलांवर बोलण्याचा गलका ऐकू आला. खाली एका घळीत बायकांची रांग लागली होती. घागरी, हंडे, तेलाचे डबे. टाकीतनं निघालेला जाड पाइप मातीखालनं येऊन त्या घळीत उघडत होता आणि त्याच्या तोंडातनं मनगटाएवढी धार पडत होती. टाकी भरून वाहायला लागली की जास्तीचं पाणी जायला ती वाट होती. खालच्या सपाटीवर दगडांच्या ढिगाऱ्यांत पाचटाची पालं, चारदोन गाढवं, चुली. रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी माणसं होती ती.

रांगेतली एक बाई मान वर करून माझ्याकडं बघत होती. माझ्या अव्वापेक्षा थोडी मोठी, कपाळावर भलंमोठं गोंदण.

"नवा हाईस व्हय टाकीवर?"

"व्हय."

"मग खाली कशाला आलास? जा, वर बस निवांत."

बायका हसल्या.

"त्ये लोखंडाचं गुंडं खाली आलं का टाकी भरती बाबा," ती म्हणाली. "तुला वाटलं रिकामी हाय. व्हय ना? तुझ्याआदी होता त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. तू जरा बरा दिसतोस." मग माझा चेहरा बघून तिनं आवाज खाली आणला आणि विचारलं, "ऊटा आतेन?"

कानडीत जेवलास का, एवढंच. पण ते मी गाव सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी खाली बघितलं. "तुमी कुठल्या?" विचारलं. तिनं आमच्या गावापासून दोन कोसांवरच्या गावाचं नाव घेतलं.

तिनं मला पालाशी नेलं, दगडावर बसवलं, भाकरी दिली आणि वर कारळाची चटणी. सून नुकती बाळंत झाली होती; आत पालात बाळ कुंथत होतं. "धा दिसाचं हाय," ती म्हणाली. "पाणी न्हवतं तवा म्या दोन कोसावरनं खाणीतलं आणत हुते. हिरवं. त्यात न्हाऊ घालायचं व्हय लेकराला?" ती मला काही मागत नव्हती. भाकरी थापता थापता बोलत होती. कुणाचं लग्न कुठं झालं, आमच्याकडची कुठली विहीर आटली, कुणाच्या म्हशीला काय झालं. मी ऐकत होतो. अंधार झाल्यावर टेकडीला वळसा घालून मी मोटारखोलीवर आलो. चाचा बाहेर दगडावर बसले होते.

"आजपण नाही?"

आता मला माहीत होतं. मी म्हणालो, "न्हाई चाचा."

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज अर्धा तासच उशिरा फडकं दाखवायचं. बायकांच्या चारदोन घागरी होतील आणि चाचांचंही भागेल. वर गेलो. गोळा तळाशी. फडकं हातात घेतलं. घळीतनं बोलणं ऐकू येत होतं. म्हटलं, रांग संपू दे. रांग संपेपर्यंत सूर्य गेला. सातव्या दिवशीही मी ठरवलंच होतं. आठव्या दिवशी ठरवलंसुद्धा नाही. घळीतनं खाली गेलो, भाकरी खाल्ली, बाळ मांडीवर घेतलं. ते चांगलं न्हालेलं होतं आणि त्याच्या डोक्याला तेलाचा वास येत होता. त्या आठवड्यात मी जेवढं बोललो तेवढं गाव सोडल्यापासून बोललो नव्हतो. ती मला 'अप्पा' म्हणायला लागली, आमच्याकडं धाकट्याला लाडानं म्हणतात तसं.

इकडं चाचांची झोप उडाली होती. त्यांच्या हिशेबानं रोज चार तास मोटार चालते आणि टाकी भरत नाही, म्हणजे मोटारीत तरी दोष आहे नाहीतर पाइपात. त्यांनी ओढ्यापासून टेकडीच्या निम्म्यापर्यंत पाइप हातानं चाचपून बघितला, लंगडत. कुठं ओल नाही. मग म्हणाले, विहिरीत पाइपाच्या तोंडाला जाळी असती, तिच्यात गाळ बसला असंल.

"मी उतरतो चाचा," मी म्हणालो.

"तुला जाळी सोडवता येती?"

"न्हाई."

"मग दोर धर."

एके सकाळी ते विहिरीत उतरले. विहिरीला पायऱ्या नव्हत्या, भिंतीतनं बाहेर काढलेले दगड होते. एकेका दगडावर आधी चांगला पाय टेकायचे, मग दुखरा खाली घ्यायचे. मी वर दोर कमरेला गुंडाळून उभा. पाणी पार तळाला गेलं होतं. मी आलो तेव्हा बुडालेला खडक उघडा पडला होता. खालून त्यांचा आवाज आला, "जाळी साफ हाय रे. कायसुद्धा नाही." त्यात राग नव्हता, नवल होतं. वर यायला त्यांना अर्धा तास लागला. शेवटच्या दगडावर त्यांनी माझा हात धरला तेव्हा त्यांच्या अंगाचा थरथराट माझ्या खांद्यापर्यंत आला.

तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. पाणी आणून दिलं, पाठीवर कोरडं फडकं टाकलं, गुडघ्याला तेल चोळलं. सांगितलं नाही.

त्याच दिवशी दुपारी सेक्रेटरींचा निरोप आला. ते कोर्टात नोकरीला होते, बोलायला सावकाश. संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात कमिटीची माणसं खुर्च्यांवर बसली होती. चाचा खाली पायरीपाशी उभे, मी त्यांच्या मागं.

"चाचा," सेक्रेटरी म्हणाले, "विहीर हात-दीड हात उतरलीय दहा दिवसांत. गेल्या साली एवढी उतरायला महिना लागला होता."

"हौ साहेब. मीच सांगितलं तुमाला."

"मग पाणी जातं कुठं?"

"तेच बघतोय साहेब."

कोपऱ्यात बसलेले एक मास्तर म्हणाले, "बघताय की बघितल्यासारखं दाखवताय? बाहेर टँकरला काय भाव आहे माहीत आहे ना सगळ्यांना."

कुणी हसलं नाही. चाचांनी टोपी काढली, परत घातली. "मास्तर," ते म्हणाले, "ती विहीर पाडली तवा पहिली टिकावाची खूण माझ्या हातची हाय. मी तिचं पाणी विकीन?"

"आम्ही नाव घेतलं नाही कुणाचं," मास्तर म्हणाले. "पण विहिरीवर तुम्ही असता. दुसरा कोण असतो?"

मला मागनं चाचांची मान तेवढी दिसत होती. ती मान मी कितीतरी वेळा मोटारीवर वाकलेली बघितली होती, पण माणसांपुढं वाकलेली पहिल्यांदा बघितली. सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघू, तुमचंही वय झालं. आणि मग, जणू आठवलं म्हणून, "हा पोरगाही तुमच्याच जबाबदारीवर आहे ना."

खरं सांगितलं तर चाचा सुटत होते, पण मी जाणूनबुजून पाणी सोडलं, हे कळल्यावर मला ठेवणार कोण? आणि मला आणलेल्या माणसाचं तोंड काळं होणार ते वेगळंच. खोटं सांगितलं तर तेही सुटत होते आणि कदाचित मीही. पण दोन्हीकडनं घळीतली धार बंद होत होती. गप्प राहिलो तरच ती चालणार होती. एवढं सगळं मी तेव्हा विचार करून पाहिलं असं नाही. मी नुसता मास्तरांच्या चपलांकडं बघत होतो आणि बोलून गेलो.

"पट्टी म्या उलटी वाचत होतो."

"काय?"

"टाकीची पट्टी. गोळा खाली आला की मला वाटायचं टाकी रिकामी हाय. म्हणून फडकं दाखवलं न्हाई. पाणी मागच्या अंगानं वाहून गेलं."

"सगळे दहा दिवस?"

"व्हय."

मग मास्तरांनाच हसू फुटलं. "कितवी शिकलास रे?"

"सातवी. पुरी न्हाई."

"तरीच." सगळेच हसले. हसण्यानं व्हरांड्यातली हवा सैल झाली. कुणी म्हणालं, अहो, आपल्या त्या पट्टीला आकडे तरी कुठं राहिलेत, पोराची काय चूक. सेक्रेटरींनी आतनं लाल रंगाचा डबा आणि एक ब्रश आणून माझ्या हातात दिला. "उद्या सकाळी आकडे काढ. वर शून्य, खाली दहा. मोठे काढ, लांबनं दिसले पाहिजेत. मराठी आकडे येतात ना?"

"येतात."

"मग पुन्हा ही चूक कुणाकडनंच व्हायची नाही."

वाटेत चाचा लंगडत पुढं चालत होते. ओढ्याशी आल्यावर थांबून श्वास घेतला आणि म्हणाले, "पहिल्या दिवशी मी तुला सांगितलं होतं."

"मोटार चालू होती चाचा."

"हौ. मोटार चालू होती." मग थोड्या वेळानं, "दहा दिवस चालू होती का रे?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधाराला की कशाला ते मला समजलं नाही, आणि खोलीपर्यंत तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीला शिडी लावून आकडे काढले. शून्य वर. मग एक, दोन, तीन, एकेका रेघेला एकेक. माझं अक्षर शाळेत चांगलं होतं. आमचे मास्तर फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उठवायचे. आठाची शेपटी, नवाची गाठ मी नीट वळवली. दहा लिहायला खाली वाकलो तेव्हा घळ पाठीशीच होती. मी तिकडं बघितलं नाही. खडी फोडण्याचा आवाज मात्र येत होता, ठक ठक, आणि मध्येच तो थांबला, पुन्हा सुरू झाला.

त्या संध्याकाळी गोळा दहावर येताच मी फडकं हलवलं. मोटार लगेच बंद झाली. अजून ऊन होतं. पेन्शनर मावळतीकडं बघत होते. एकानं विचारलं, "आज लवकर?" मी मान हलवली आणि पुढच्या वाटेनं उतरलो. मग रोजच पुढच्या वाटेनं. खोलीवर येऊन स्टोव्ह पेटवायचा, भात टाकायचा, तो शिजेपर्यंत मोटारीचं धुरकट पितळ चिंध्यांनी पुसत बसायचं. चाचा म्हणायचे, लई चमकवलीस, नवरी करतोस का तिला. कमिटीनं त्यांना काढायचं परत नाव घेतलं नाही. मला त्याचं समाधान होतं. खोटं बोलत नाही, खरंच होतं. पण रात्री खोलीत एकट्यानं भात खाताना मला कुणाचं तरी बोलणं ऐकायची इतकी ओढ लागायची की मी ओढ्यावरनं जाणाऱ्या माणसांची तोडकी वाक्यंसुद्धा कान देऊन ऐकायचो.

आठदहा दिवस मी कसेबसे काढले. मग एके दिवशी फडकं हलवलं, सगळे उतरेपर्यंत टाकीच्या आडोशाला थांबलो आणि मागच्या अंगानं खाली गेलो.

घळ कोरडी होती. पाइपाच्या तोंडाखाली जिथं धार पडायची तिथं चिखल वाळून तडकला होता. पालांशी एक म्हातारा बिडी ओढत बसला होता, तिचा नवरा असावा.

"बाया खाणीवर गेल्यात," तो म्हणाला. "येतील. बस."

मी बसलो. आत बाळ रडत होतं आणि सून त्याला काहीतरी कानडीत गुणगुणत होती. म्हाताऱ्यानं विचारलं नाही मी कशाला आलोय. बऱ्याच वेळानं, पार अंधुक झाल्यावर, वाटेवर एकेक करून बायका दिसायला लागल्या. डोक्यावर दोन, कडेवर एक. चालताना कुणी बोलत नव्हतं. ती शेवटून दुसरी होती. तिनं घागरी उतरवल्या, पदरानं मानेवरचा घाम पुसला आणि मग तिला मी दिसलो.

"आकडे काढताना बघितला तुला," ती म्हणाली. "चांगलं काढलंस. हितनं दिसत्यात."

मी काहीतरी बोलायला गेलो. चाचांचं, कमिटीचं, विहीर उतरल्याचं. ते माझ्याच कानाला सारवासारव केल्यासारखं लागलं आणि मी अर्ध्यातच थांबलो.

"आमचं काम सपत आलंय हितलं," ती म्हणाली. "चारआठ दिसांत सोलापूरकडं जायचं हाय." मग पालात वाकून तिनं तांब्या काढला, आत्ताच आणलेल्या घागरीवरचं फडकं बाजूला सारलं आणि तांब्या भरून माझ्यापुढं धरला. दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, एवढंच. आमच्याकडं सगळेच देतात.

मी हात पुढं केला नाही. दोन कोसांवरचं पाणी होतं ते.

"धर की," म्हातारा म्हणाला. "न्हाई म्हणू नये पाण्याला."

मी तांब्या घेतला. पाण्याला शेवाळाचा वास येत होता. तिच्याकडं न बघता मी सगळा प्यालो, एक घोट मागं न ठेवता; उष्टं टाकून दिलं असतं तर ते जास्त वाईट झालं असतं. तिनं रिकामा तांब्या परत घेतला. आतनं सुनेनं कसलंतरी भांडं मागितलं. ती तिकडं वळली आणि वळता वळता तिनं विचारलं,

"अजून पायजे का रे अप्पा?"

"न्हाई," मी म्हणालो. "बास झालं."